शुक्रवारची अटक

माझ्या धाकट्या बहिणीला शुक्रवारी दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी अटक झाली. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. ती अटकेच्या कागदावर आहे, आणि तिथे खरी वेळ पडावी म्हणून बहीण पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून पाऊण तास भांडली होती.

ती ग्रामसेवक आहे. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात ग्रामपंचायतीचं दप्तर तिच्या ताब्यात असतं. खेड्याचं आणि तालुक्याचं नाव देत नाही, कारण खटला अजून चालू आहे. मी जालन्यात एका दैनिकात उपसंपादक आहे. आमचं मूळ घर धावड्याचं. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली, आम्ही दोघं पगारावर आलो. त्या शुक्रवारपर्यंत घरातलं कुणी आरोपी म्हणून ठाण्याची पायरी चढलं नव्हतं. मी चढलो होतो, पण बातमीसाठी. तेव्हा तिथे खुर्ची मिळते.

झालं ते असं. त्या गावाच्या कडेला एका मेंढपाळ बाईचं घर आहे. घर जुनं, पण नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, ते कधी चढलंच नव्हतं. ते कुटुंब वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे बाहेर असतं. नोंदीला माणूस आला की दाराला कुलूप. कुलूप दिसलं की वहीत घर नाही, असा तिथला रिवाज. बहिणीने बाई गावात असताना मोजमाप केलं, ग्रामसभेत ठराव घेतला, नोंद केली आणि उतारा सही-शिक्क्यासह बाईंच्या हातात ठेवला.

त्या जागेवर एका माजी सरपंचाचा डोळा होता. शुक्रवारी अडीचच्या सुमाराला तो कार्यालयात आला. सोबत टाइप केलेला कागद होता: नोंद नजरचुकीने झाली, सबब रद्द. बहिणीने सांगितलं, अर्ज द्या, बाईंना नोटीस जाईल, ग्रामसभेपुढे विषय येईल. त्याने टेबलावरचा गोल शिक्का उचलला आणि कागदावर स्वतःच मारायला घेतला. बहिणीने शिक्का धरला. दोघांची ओढाताण झाली. लाकडी मूठ त्याच्या कपाळाला लागली आणि भुवईच्या वर खरचटलं.

बहिणीने शिक्का उचलून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि झालेला प्रकार नोंदवहीत लिहून काढला. चार वाजता पोलिसांची गाडी आली. गुन्हा नोंदवायला एरवी किती वेळ लागतो हे मला धंद्यामुळे माहीत आहे. हा फार लवकर नोंदला गेला. फिर्यादीत लिहिलं होतं की ग्रामसेविकेने शिक्का फेकून मारला. हत्याराच्या रकान्यात होतं: लाकडी मुठीचा गोल शिक्का, नग एक.

मला तिचा फोन आला.

“दादा, मला ठाण्यात आणलंय. आधी घड्याळ बघ. किती वाजले?”

“चार सदतीस.”

“लिहून ठेव. मग ये.”

मी निघताना ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्यांनी कलम विचारलं, पण त्याआधी वार विचारला.

“शुक्रवार,” मी म्हणालो.

“उद्या दुसरा शनिवार. बाई सरकारी नोकरीत. मग अटक कशासाठी आहे ते कळलं. शिक्षा व्हावी म्हणून नाही ही. निलंबनासाठी आहे.”

नियम साधा आहे. सरकारी किंवा जिल्हा परिषदेचा कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला, की तो निलंबित समजला जातो. गुन्हा खरा की खोटा हा प्रश्न त्यात येत नाही. शुक्रवारी दुपारी धरायचं, शनिवार-रविवार कोर्टाला सुट्टी, सोमवारी जामीन. तेवढ्यात काम झालेलं असतं. दुसरा ग्रामसेवक येतो, त्याच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवता येतो. म्हणजे आमच्यापुढे प्रश्न एकच होता. रविवारी दुपारी चार पस्तीसच्या आत ती बाहेर आली पाहिजे.

ठाण्यात पोचलो तेव्हा बहीण बाकावर बसली होती, शेजारी एक महिला शिपाई. समोर हवालदार अटकेचा कागद घेऊन उभे. वेळेचा रकाना कोरा.

“मॅडम, सही तं करा. वेळ मागून टाकू.”

“कोऱ्या रकान्यावर मी सही करत नाही.”

“बरं मंग, साडेसहा टाकतो. तुमच्याच फायद्याचं हाय. तुमचे तास उशिरा सुरू होतेत.”

“साडेसहाला सूर्य मावळलेला असतो. मावळल्यावर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी लागते, मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी लागते. आहे का?”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. “पत्रकार भाऊ, कोन शिकवतं यायला हे?”

“नोकरी,” बहीण म्हणाली. “मी रोज वेळ टाकून सही करते. चार पस्तीसला उंबरा ओलांडला. तेच लिहा.”

खरी वेळ तिच्या विरुद्ध जात होती. दोन तास कमी मिळत होते. तरी तिने तीच लिहून घेतली. अटकेची कारणं लेखी मागितली, तीही मिळाली. नातेवाइकाला कळवलं म्हणून माझी सही झाली. कागद हातात आल्यावर मला एक गोष्ट कळली आणि ती इथे नोंदवतो. अनेक वर्षं मी ‘जेरबंद’, ‘गजाआड’, ‘मुसक्या आवळल्या’ हे शब्द मथळ्यांत वापरले होते. पोलिसांच्या पत्रकातून ते जसेच्या तसे उचलले होते. अटकेचा कागद कसा दिसतो, त्यात किती रकाने असतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळत नाही असंच मी धरून चाललो होतो. अर्थ वेगळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो, ठाण्यातच द्यावा लागतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो द्यायचा की नाही ते न्यायालय ठरवतं. ठरवतं, म्हणजे देऊही शकतं.

थोड्या वेळाने ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. आवाज सभ्य होता.

“हे बघा, सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचं कलम आहे. अटक केलीच पाहिजे असं काही नाही. नोटीस देऊन आत्ता सोडतो. दोन ओळी दिलगिरीच्या द्या आणि ती नोंद चुकून झाली म्हणा. आणि हो, कपाटाची किल्ली द्या. शिक्का जप्त करायचाय.”

मी बाहेर येऊन ते बोलणं वहीत लिहिलं, वेळ टाकून. मग बहिणीला सांगितलं. माझं मत मी लपवत नाही. मी म्हणालो, “लिहून दे. सोमवारी बघू पुढचं.”

“मग बातमीत काय लिहिशील? ग्रामसेविकेची चुकीची कबुली?”

“नोकरीचा प्रश्न आहे.”

“नोकरीचाच आहे. नोंद मी सभेपुढे केलीय. ठाण्यात बसून खोडायची असती तर ग्रामपंचायत कशाला, इथेच दप्तर ठेवलं असतं.”

“निदान किल्ली तरी दे.”

“पंचनामा करा, पावती द्या, किल्ली घ्या. पावतीशिवाय शिक्का गेला आणि उद्या शंभर कागदांवर उमटला, तर जबाबदार कोण?”

हवालदार म्हणाले, “मॅडम, पोलिसावर इस्वास न्हाई का?”

“बिलकुल आहे. म्हणून तर पावती मागते. विश्वासाच्या माणसाला पावती द्यायला काय जातं?”

पावती मिळाली नाही. किल्ली तिच्या पर्समध्ये राहिली, आणि पर्स ठाण्यात जमा करताना तिने यादीत ‘किल्ली एक’ असं लिहायला लावलं. शिस्तीच्या माणसाकडून होणारी चूक ती हीच. तिने शिक्का वाचवला आणि पोलिसांना कारण दिलं.

शनिवारी सकाळी ते कारण कोर्टात आलं. सुट्टीच्या दिवशीही अटकेतल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. इमारत रिकामी होती, एकच दालन उघडं. पोलिसांनी तीन दिवस पोलीस कोठडी मागितली. कारण: गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त करणं बाकी आहे.

“हत्यार कोणतं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“शिक्का, साहेब.”

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग बहिणीकडे पाहिलं. “शिक्का कुठे आहे?”

“कार्यालयात. कपाटात, वरच्या कप्प्यात, शाईच्या पॅडशेजारी.”

“मग दिला का नाही?”

“पावती देत नव्हते, साहेब.”

दालनात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिहायला सांगितलं: हत्याराचा ठावठिकाणा माहीत आहे, पोलीस कोठडीची गरज नाही, पंचनामा करून शिक्का घ्यावा, पावती द्यावी. पोलीस कोठडी नाकारली म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि न्यायालयीन कोठडी मिळाली की जामिनाचा अर्ज करता येतो. वकीलबाईंनी अर्ज तयारच ठेवला होता.

खरी मेख इथे होती. जामीन अर्जावर सरकार पक्ष आपलं लेखी म्हणणं देतो. कोर्टात सगळे त्याला ‘से’ म्हणतात. सरकारी वकिलांनी ‘से’ द्यायला सोमवारपर्यंत मुदत मागितली. आवाजात वैर नव्हतं. रोजची सवय होती. शुक्रवारच्या अटकेचं सगळं गणित या सवयीवर उभं असतं.

वकीलबाईंनी माझी वही मागितली आणि ठाण्यातलं वाक्य वेळेसह वाचून दाखवलं: अटक केलीच पाहिजे असं काही नाही. “अटक गरजेची नव्हती हे पोलीसच सांगतायत. सोमवारपर्यंत थांबलं तर माझ्या अशिलाची नोकरी जाते. तेवढ्यासाठीच हा वार निवडलाय.” न्यायाधीशांनी पोलिसांकडे पाहिलं. पोलिसांनी इन्कार केला नाही. मुदत मिळाली, पण रविवारी सकाळी अकरापर्यंत. बहिणीला जालन्याच्या कारागृहात नेलं. गाडीत चढताना ती मला म्हणाली, “पावती घ्यायला विसरू नको.” त्या दुपारी पंचांसमक्ष कपाट उघडलं, शिक्का पाकिटात गेला, लाख लागली, आणि मी पावती घेतली.

त्याच दिवशी आमच्या तालुका प्रतिनिधीने बातमी पाठवली. मथळा: माजी सरपंचावर हल्ला, ग्रामसेविका गजाआड. मी ती प्रत सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आरोपी माझी बहीण आहे, मी या बातमीला हात लावणार नाही. फक्त प्रत्येक शब्द फिर्यादीशी ताडून बघ. दुसऱ्या दिवशी एका स्तंभात चार ओळी छापून आल्या. त्यात अटक होती, कोर्ट होतं, पोलीस कोठडी नाकारल्याचं होतं. गजाआड नव्हतं. दुसऱ्या दोन वर्तमानपत्रांत होतं.

जामीन मिळाला तरी जामीनदार लागणार होता, म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील अशी हमी देणारा माणूस, आणि त्याच्या नावावर मालमत्तेचा कागद. मी भाड्याच्या घरात राहतो. धावड्याची जमीन अजून आजोबांच्या वारसांच्या सामाईक नावावर आहे, सातबाऱ्यावर अकरा नावं. बहीण नोकरी करते त्या गावातल्या दोघांनी शनिवारी सकाळी हो म्हटलं होतं. दुपारनंतर एकाचा फोन बंद झाला. दुसऱ्याने उचलला आणि म्हणाला, “भाऊ, मला त्याच गावात राहायचंय.”

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे मेंढरांचा आवाज होता.

“भाऊसाहेबाचा भाऊ का?”

आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. बाई असली तरी काही म्हाताऱ्या माणसांची सवय सुटत नाही.

“हो.”

“म्या मेंढरावाली. भाऊसाहेबाला धरलं म्हणं. माझ्यापायी?”

“तुमच्या घराच्या नोंदीवरून.”

“मंग माझ्यापायीच. म्या तीर्थपुरीच्या शिवारात हाय, मेंढरं चारून राह्यले. सोडवायला काय लागतं?”

“घराचा उतारा असलेला माणूस.”

“कोनता उतारा? भाऊसाहेबानं ठसा मारून देल्ता त्यो?”

“तोच.”

“त्यो तं माझ्या कमरंला हाय. घराला कुलूप असतंय, तिथं कागद कशाला ठिवू? किती वाजता येऊ?”

रविवारी साडेदहाला ती कोर्टाच्या आवारात उभी होती. मेंढरं सुनेवर सोपवून, मिळेल त्या जीपने आली होती. माजी सरपंचही आला होता, कपाळावर भली मोठी पट्टी. तो तिला म्हणाला, “काय मावशे, मेंढरं सोडून कोर्टात?”

“व्हय सरपंच. पट्टी लय मोठी लावली रे. जखम कुठाय, दिसंना.”

तो हसला नाही. “घर जाईल तुझं, जामिनात घातलं तर.”

“काल म्हनत व्हता घर माझं न्हाईच. आज जातंय कसं?”

अकरा वाजता ‘से’ आला. साडेअकराला दोन्ही बाजू झाल्या. बाराला जामीन मंजूर झाला, एक जामीनदार आणि जातमुचलका. मग उताऱ्याची पाळी आली. फिर्यादीच्या वकिलांनी हरकत घेतली की ही जागाच वादातली आहे.

“वाद कोणत्या कोर्टात आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“अद्याप दाखल नाही.”

“नोंद रद्द झाली आहे?”

“नाही, साहेब.”

“मग उतारा उतारा आहे.” त्यांनी बाईंना पुढे बोलावलं. “आरोपीला कधीपासून ओळखता?”

“आरोपी कोन?”

“ज्यांना जामीन राहताय त्या.”

“त्या आरोपी न्हाईत साहेब, भाऊसाहेब हायत.”

“त्या तारखेला आल्या नाहीत, पळून गेल्या, तर तुमच्यावर येईल. समजलं का?”

“समजलं. पन पळायचं काम आमचं हाय साहेब. वर्साचे आठ महिने आमीच रानोमाळ. त्या कुठं जातेत? त्यायला कपाट सोडवत न्हाई.”

न्यायाधीशांनी मान खाली घालून सही केली. बाईंनी अंगठा देण्याआधी कागद वाचून दाखवायला सांगितला. कारकुनाने घाई केली तेव्हा ती म्हणाली, “जल्दी करू नगा. वाचा बराबर. भाऊसाहेब सुदीक मला वाचून दाखवून अंगठा घेतेत.” कारकुनाने वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून.

या वाचनात दहा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहत होतो. शुक्रवारी ठाण्यात मी सही करून मोकळी हो म्हणालो होतो. ही बाई अक्षर ओळखत नव्हती आणि न ऐकलेल्या कागदावर अंगठा उठवत नव्हती.

सुटकेचा आदेश एक वाजून वीस मिनिटांनी हातात आला. जालन्याच्या कारागृहाच्या फाटकावर तो तीन वाजून पाच मिनिटांनी पोचला. आतली तपासणी, नोंदी, सह्या झाल्या. बहीण बाहेर आली तेव्हा तीन बावन्न झाले होते. सत्तेचाळीस तास सतरा मिनिटं. तिने पाणी मागितलं नाही. विचारलं, “सुटकेच्या कागदावर वेळ टाकलीय ना?”

टाकली होती.

सोमवारी सकाळी माजी सरपंचाने पंचायत समितीत अर्ज दिला: ग्रामसेविका अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत होती, सबब निलंबित समजावी. अर्ज आधीच टाइप केलेला असावा, कारण त्यात सुटकेची तारीख सोमवारची होती. बहिणीने दोन कागदांच्या प्रती जोडून तीन ओळींचं उत्तर दिलं. एका प्रतीवर चार पस्तीस, दुसरीवर तीन बावन्न. साडेसहा लिहिलं असतं तर हिशेब आणखी सोपा झाला असता. पण मग तो कागद खोटा आहे असं म्हणायची सोय दुसऱ्या बाजूला राहिली असती. अर्ज निकाली निघाला. ग्रामपंचायतीच्या हजेरीपत्रकावर त्या सोमवारी तिची सही आहे, वेळ नऊ पंचेचाळीस.

खटला चालू आहे. तारखा पडतात, ती जाते, मेंढपाळ बाई गावात असली तर तीही जाते, गरज नसताना. घराची नोंद वहीत आहे.

शिक्का अजून ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत, लाख लावलेल्या पाकिटात आहे. नवा करून घे, असं मी सुचवलं. ती म्हणाली, नवा करायचा तर जुना हरवला म्हणून लिहून द्यावं लागतं, आणि तो हरवलेला नाही. तिने वरच्या कार्यालयाला पत्र पाठवून मार्गदर्शन मागवलं. उत्तर यायचं आहे. तोवर प्रत्येक दाखल्यावर, शिक्क्याच्या जागी, ती स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिते: कार्यालयाचा गोल शिक्का गुन्ह्यातील हत्यार म्हणून पोलीस ठाण्यात जमा आहे, पावतीची प्रत सोबत.

मी एकदा तिच्या कार्यालयात बसलो असताना माजी सरपंचाचा सख्खा भाऊ रहिवासी दाखला घ्यायला आला. बँकेत द्यायचा होता. त्याने दाखला वाचला, ती ओळ पुन्हा वाचली.

“मॅडम, हे लिहायलाच पायजे का?”

“खरं आहे ना ते?”

“खरं हाय. पन बँकवाला विचारन, कोन्या गुन्ह्यातलं हत्यार?”

“मग सांगा. फिर्यादी तुमच्या घरचेच आहेत. सगळं माहीत असेल.”

मग त्याने दाखला घडी करून खिशात घातला. बहिणीने आवक-जावक वही त्याच्याकडे सरकवली. “पोच द्या,” ती म्हणाली. “वेळ टाकून.”